जुन्या डिझेल गाडीचा पंप: काय खोलावे, काय खोलू नये आणि टायमिंग कसे बसवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००४ सालची टाटा इंडिका, १.४ लिटरचे बिनटर्बो डिझेल इंजिन. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, मग अडखळत आणि पांढरा धूर सोडत इंजिन सुरू होते. एकदा गरम झाल्यावर दिवसभर तक्रार नसते. सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या पंपावरच्या अॅक्सिलरेटर लिव्हरच्या मुळाशी डिझेलची ओल दिसते. गॅरेजमधून सल्ला मिळाला आहे की पंपाच्या मागचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवावे, टायमिंग थोडे पुढे घ्यावे, म्हणजे सिलिंडरात डिझेल थोडे लवकर पाडावे, आणि तरीही जमले नाही तर पंपच बदलावा. यातले घरी काय करता येईल आणि पंपाचे कोणते भाग खोलण्यासारखे आहेत, असे आपण विचारले आहे.

सर्वप्रथम, तो मागचा स्क्रू फिरवू नका आणि कोणाला फिरवूही देऊ नका. आपण दिलेली लक्षणे एकत्र पाहिली तर पंप रात्रीतून हवा घेतो आहे, असाच माझा पहिला अंदाज आहे. दिवसभर नीट चालणाऱ्या पंपाचे टायमिंग रात्री बिघडत नाही आणि सकाळी आपोआप सुधारतही नाही. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि त्या कामानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर एखादा दात चुकल्याची शंका घेणे रास्त आहे. पण त्रास महिनोन्महिने हळूहळू वाढत गेला असेल तर टायमिंगकडे सर्वांत शेवटी वळावे. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ असते, आणि या जातीच्या इंजिनात, जिथे डिझेल आधी एका छोट्या कक्षात पेटते, तिथे त्याचे पहिले कारण बंद पडलेला हीटर प्लग, म्हणजे तो कक्ष सुरुवातीला तापवणारा प्लग, हेच असते. म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी चारही हीटर प्लग एकेक करून तपासा. प्लगांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येक प्लगचा रोध मल्टिमीटरवर मोजला की चांगला प्लग एका ओहमच्या आसपास किंवा त्याखाली दाखवतो, आणि जळालेला प्लग जोडणी तुटल्यासारखा दाखवतो. चारांपैकी दोन प्लग गेले असले तरी हिवाळ्यातल्या सकाळी गाडी अशीच वागते.

प्लग चांगले निघाले तर हवा शोधायची. आपल्या गाडीवर बॉश घराण्यातला व्हीई जातीचा रोटरी पंप आहे असे धरून पुढे सांगतो. ही रचना बॉशने १९७५ च्या सुमारास बाजारात आणली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे जगभरच्या लहान डिझेल गाड्यांवर ती राज्य करत होती. आपल्याकडचे जुने मेकॅनिक तिला बॉशच्या भारतीय कंपनीच्या जुन्या नावावरून अजूनही मायको पंप म्हणूनच ओळखतात. या पंपाच्या पोटात नेहमी डिझेल भरलेले असते. पुढच्या शाफ्टवर बसवलेला पात्यांचा छोटा पंप टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढतो आणि पोटात वेगाप्रमाणे वाढत जाणारा दाब तयार करतो. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडलेला असताना, तो साधारण तीन बार आणि पूर्ण वेगाला सात-आठ बारपर्यंत जातो. इंजिन चालू असताना पोटात दाब असल्यामुळे ढिल्या सीलमधून डिझेल बाहेर झिरपते. इंजिन बंद झाले की हाच व्यवहार उलटा होतो. टाकी पंपापेक्षा खाली असल्याने पाइपातले डिझेल मागे ओढले जाते आणि त्याच सीलमधून हवा आत शिरते. म्हणूनच लिव्हरपाशी दिसणारी ओल आणि सकाळचा उशीर या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, एकाच तक्रारीची ही दोन रूपे आहेत.

हे पडताळून पाहायला खर्च जवळजवळ नाही. पंपाच्या आत येणाऱ्या नळीत आणि परतीच्या नळीत प्रत्येकी वीतभर पारदर्शक पाइप घाला, पण तो डिझेलला टिकणारा हवा. गाडी गरम करून बंद करा आणि सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी पाहा. आतल्या नळीत हवेचा लांब तुकडा दिसला, तर ती हवा कोठून आली हे ठरवण्यासाठी दुसरी परीक्षा करायची. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घेऊन तो कॅन पंपापेक्षा उंच ठिकाणी, पण तापलेल्या भागांपासून दूर, घट्ट बांधा आणि पंपाची आतली नळी थेट त्यातून घ्या. अशा जोडणीवर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या फटक्यात सुरू झाली, तर पंपाचे प्लंजर (डिझेल दाबून पुढे ढकलणारी आतली दांडी) आणि टायमिंग यांच्यावर आरोप ठेवायला जागा राहत नाही. दोष एकतर टाकी ते पंप या मार्गात आहे, म्हणजे फिल्टरच्या डोक्यावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल भरण्याचा छोटा पंप), रबरी नळ्या, क्लिपा यांत, किंवा पंपाच्या सीलांत आहे. लिव्हरपाशी ओल असल्यामुळे आपल्या बाबतीत दुसरी शक्यता बळकट ठरते.

लिव्हरच्या शाफ्टचे सील बदलणे हे या पंपावरचे असे काम आहे की काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाने पंप न उतरवता करावे, आणि मी ते तसेच करण्याच्या बाजूचा आहे. आधी पंप व त्याचा परिसर डिझेल आणि ब्रशने इतका धुऊन काढा की बोटाला काळे लागणार नाही, मग हवा मारून कोरडा करा. धूळ हाच या पंपाचा खरा शत्रू आहे. आतला प्लंजर आणि त्याचे घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पंप उघडताना कपड्याचा धागासुद्धा का चालत नाही ते समजते. बॅटरीची नकारात्मक तार काढून ठेवा.

आता लिव्हर. तो शाफ्टवर बारीक दातांच्या खाचांत बसलेला असतो आणि एक दात इकडेतिकडे झाला तरी आयडल आणि कमाल वेग दोन्ही बिघडतात. म्हणून नट सैल करण्यापूर्वी शाफ्टच्या टोकावर आणि लिव्हरवर सलग एक बारीक रेघ टोकदार सुईने ओढा. रंगाची खूण डिझेलने पुसली जाते. परतीच्या स्प्रिंगची दोन्ही टोके कोणत्या खाचेत आहेत याचा मोबाइलवर जवळून फोटो घ्या. नट, लिव्हर आणि स्प्रिंग निघाली की झाकणाचे चार बोल्ट सोडायचे. ते बहुधा अॅलन कीचे असतात, मात्र कोणी छेडछाड करू नये म्हणून काही पंपांवर एखादा वेगळ्या डोक्याचाही असतो. झाकण एकदम वर खेचू नका. शाफ्टच्या खालच्या टोकावरच्या आकड्याला गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग अडकलेली असते आणि झाकण झटक्याने उचलले तर ती ताणली जाते. झाकण दोन सेंटिमीटर उचलून जरासे तिरपे करा, आत टॉर्चचा प्रकाश टाका, स्प्रिंगचे टोक कसे अडकले आहे ते पाहा आणि मग ते हळुवार मोकळे करा. शाफ्ट झाकणातून खाली दाबला की बाहेर येतो. त्याच्या खाचांतली गोल रबरी रिंग, जिला सगळे ओ-रिंग म्हणतात, ती जुन्या पंपात चपटी झालेली आणि प्लास्टिकसारखी कडक झालेली आढळेल.

नवी रिंग घेताना ती व्हायटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराची मागा. सल्फर कमी झालेल्या डिझेलची रासायनिक घडण वेगळी असते आणि जुन्या नायट्राइल रबराने वर्षानुवर्षे जुने डिझेल पिऊन जो फुगवटा धरलेला असतो, तो नव्या इंधनात ओसरून रिंग आक्रसते. नव्वदच्या दशकात अमेरिकेत कमी सल्फरचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांची गळती याच कारणाने एकाएकी वाढली होती. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चे डिझेल मिळते आणि त्यात सल्फरची मर्यादा दशलक्षात १० भाग आहे. बीएस-३ च्या काळी ती ३५० होती. आपली इंडिका त्याच्याही आधीची, तेव्हा तिच्या रबराने दोन-तीन वेळा इंधन पालटलेले पाहिले आहे.

शाफ्टला पंपातलेच स्वच्छ डिझेल लावून नवी रिंग बसवा आणि शाफ्ट झाकणाच्या भोकात हलवून पाहा. आडवा हलत असेल तर झाकणाचे भोक झिजले आहे, आणि मग नवी रिंगही काही महिन्यांतच गळू लागेल; अशा झाकणाला बुश बसवून घ्यावा किंवा झाकण बदलावे. झाकणाखालचे गॅस्केट नेहमी नवे घालायचे, आणि तिथे सिलिकॉनचा लगदा अजिबात वापरायचा नाही, कारण त्याचा आत सुटलेला तुकडा थेट प्लंजरकडे जातो. झाकण बसवताना स्प्रिंग पुन्हा आकड्यात गेली आहे याची बोल्ट आवळण्याआधी खात्री करा. ती बाहेर राहिली तर लिव्हर दाबूनही इंजिनाचा वेग वाढणार नाही, आणि चुकीची अडकली तर वेग ताब्यात राहणार नाही. त्यामुळे या कामानंतर पहिल्यांदा गाडी सुरू करताना एका माणसाने एअर फिल्टरची नळी काढून, हवेच्या तोंडावर बसेल अशी जाड सपाट फळी हाताशी घेऊन उभे राहावे. इंजिन पळत सुटले तर हवा बंद करणे हाच खात्रीचा उपाय आहे. तोंडावर हाताचा पंजा मात्र कधीही ठेवू नये.

इथेच दोन छोट्या भागांविषयी सांगून टाकतो. पंपाला येणारी आणि परत जाणारी नळी ज्या पोकळ बोल्टांनी बसते, ते दोन्ही बाहेरून सारखे दिसतात, पण परतीच्या बोल्टात सुईच्या अग्राएवढे बारीक भोक असते आणि डोक्यावर आउट असे कोरलेले असते. पोटातला दाब त्या भोकाने राखला जातो. दोन्ही बोल्ट अदलाबदल झाले तर पंपाला डिझेल पुरत नाही आणि दाबही टिकत नाही, आणि मग चांगला पंप खराब ठरवून उतरवला जातो. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घाला. दुसरा भाग म्हणजे चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारा बारा व्होल्टचा सोलेनॉइड. तो उघडताना आतली छोटी दांडी आणि स्प्रिंग निसटून पडते, तेव्हा खाली स्वच्छ कापड धरा. सोलेनॉइड जळाला की आतली दांडी काढून गाडी चालवण्याची पद्धत रस्त्यावर रूढ आहे. मी ती कधीच सुचवणार नाही, कारण मग चावीने इंजिन बंद होत नाही आणि अपघाताच्या क्षणी नेमके तेच लागते.

पंप उतरवणे आवश्यकच ठरले, म्हणजे पुढच्या शाफ्टचे सील गळून डिझेल टायमिंग बेल्टवर जात असेल किंवा मागच्या हेडची रिंग गळत असेल, तर काम मोठे होते. बेल्टवर जाणाऱ्या गळतीला उशीर लावू नका. डिझेल प्यायलेला बेल्ट फुगतो, थर सुटतात, आणि तो तुटला तर बहुतेक अशा इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

उतरवताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकावर, म्हणजे टीडीसीवर आणा आणि कॅम, क्रँक व पंपाची पुली यांच्या खुणा जुळल्याचे डोळ्यांनी पाहा. खुणा अस्पष्ट असतील तर स्वतःच्या खुणा करा. पंपाच्या कड्यावर आणि इंजिनावरच्या ब्रॅकेटवर मिळून एक रेघ ओढा. पंप परत बसवताना टायमिंगची सुरुवात इथूनच होते. हाय प्रेशर पाइपांचे नट सोडताना दोन पाने लागतात. एका पान्याने पंपावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने पाइपाचा नट सोडायचा, नाहीतर नटाऐवजी होल्डरच फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह बसकणीवरून हलतो. चारही पाइप एकत्र, क्लिपांसह काढा, वाकवू नका, आणि पंपाची व नोझलची (सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागांची) सर्व तोंडे लगेच टोप्यांनी बंद करा. पंपाच्या हेडवर तोंडांशेजारी ए, बी, सी, डी अशी अक्षरे असतात. ए हा सहसा पहिल्या सिलिंडरचा, आणि पुढची तोंडे फायरिंगच्या क्रमाने, म्हणजे १-३-४-२ अशी जातात.

पुली निमुळत्या शाफ्टवर चावीसह घट्ट बसलेली असते. तिला पुलरच लावायचा. हातोड्याचा घाव शाफ्टमार्गे आतल्या कॅम प्लेटवर आणि रोलरांवर जातो आणि त्याचे वळ पुढे आयुष्यभर ठोक्यासारखे ऐकू येतात. टीडीआय जातीच्या फोक्सवागनवर मात्र उलटे आहे. तिथे पुली तीन बोल्टांनी हबवर बसते आणि हबचा मधला नट मुळीच हलवायचा नसतो, कारण हबची जागा कारखान्यात पंपाशी जुळवून ठरवलेली असते.

टायमिंग कानाने लावणारे कसबी लोक मी पाहिले आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण या पंपावर मी डायल गेजशिवाय, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाशिवाय, बोल्ट आवळत नाही. मागच्या बाजूला चार तोंडांच्या बरोबर मध्ये एक प्लग असतो. तो काढून तिथे अॅडॉप्टरसह डायल गेज बसवा आणि त्याचे टोक प्लंजरवर दोन-एक मिलिमीटर दाबलेले राहू द्या. टीडीसीवरून इंजिन हाताने सावकाश उलटे फिरवा. काटा कमी होत होत एका जागी थांबेल. प्लंजर तेव्हा अगदी खाली असतो. तिथे काटा शून्यावर आणा, इंजिन किंचित पुढेमागे करून शून्य हलत नाही हे पाहा, आणि मग सुलट दिशेने टीडीसीपर्यंत या. खूण ओलांडली गेली तर तेवढेच मागे आणून भागत नाही. बेल्टचा ढिलेपणा मापात शिरतो, म्हणून बरेच मागे जाऊन पुन्हा सुलट यायचे. टीडीसीवर काटा जे दाखवतो ती प्लंजरची उचल. ऐंशीच्या दशकातल्या फोक्सवागनच्या १.६ लिटर बिनटर्बो इंजिनात ती सुमारे ०.९ मिलिमीटर आणि टर्बोत सुमारे १ मिलिमीटर ठेवतात. यावरून किती बारीक मापाची ही गोष्ट आहे ते कळेल. हे आकडे इंडिकाला लावायचे नाहीत, तिच्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेलाच आकडा घ्यायचा. पंपावर थंडीत टायमिंग पुढे घेणारा लिव्हर असेल तर मापताना तो विश्रांतीच्या जागी हवा.

माप चुकले असेल तर पंपाचे पुढचे आणि मागच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून पूर्ण पंपच त्याच्या लांबट भोकांत फिरवायचा. त्याआधी पाइपांचे नट सैल हवेत, नाहीतर पाइपांचा पीळ पंपाला परत ओढतो. पुली ज्या दिशेने फिरते तिच्या विरुद्ध पंपाचे अंग फिरवले की डिझेल लवकर पडते, आणि त्याच दिशेने फिरवले की उशिरा. उशिरा पडले तर सुरुवातीला पांढरा धूर, चढाला दम नाही आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. फार लवकर पडले तर थंडीत सुरुवात छान होते, म्हणूनच गॅरेजमध्ये पुढे घेण्याचा मोह पडतो, पण इंजिन खणखण वाजते आणि ती ठोकर पिस्टन, हेड गॅस्केट आणि बेअरिंगला सोसावी लागते. बोल्ट आवळल्यावर इंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून माप पुन्हा घ्या. दुसरे माप पहिल्याशी जुळले तरच ते खरे.

मागच्या स्क्रूकडे पुन्हा येतो, कारण सर्वाधिक पंप मी याच स्क्रूने बिघडलेले पाहिले आहेत. तो पूर्ण भाराच्या वेळी किती डिझेल पडावे ते ठरवतो. आत फिरवला की डिझेल वाढते, त्याबरोबर आयडलही चढतो, मग आयडल स्क्रू मागे घेतला जातो, आणि शेवटी अशी वेळ येते की लिव्हर सोडूनही वेग खाली येत नाही. काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि घटलेले अॅव्हरेज हे त्याचे फळ. सकाळच्या तक्रारीशी या स्क्रूचा संबंध नाही. थंड इंजिन सुरू होताना पंप स्वतःच भरपूर डिझेल सोडतो. त्यावरचे सील कोणी आधीच तोडले असेल, तर कुलूपनटाबाहेर स्क्रूचा भाग किती मिलिमीटर दिसतो ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा आणि तो तिथेच राहू द्या. कमाल वेगाच्या सीलबंद स्क्रूचेही तेच. घरी जुळवायचा स्क्रू एकच, आयडलचा, आणि तोही इंजिन गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे.

मागचे हेड, प्लंजर, त्याच्या बुडाची जाडी जुळवणारी चकती, कॅम प्लेट, रोलर, खालचा टायमर पिस्टन आणि गव्हर्नरची वजने या भागांना टेस्ट बेंच (पंप गाडीबाहेर चालवून मापे घेण्याचे यंत्र) नसलेल्या जागी हात लावू नये. हेडचे बोल्ट किंचित सैल करून गाडीवरच रिंग बदलणारे आहेत. फट जरा जास्त झाली की आतली चकती निसटते, पंप जोडला तरी जाम बसतो किंवा चुकीची उचल देतो, आणि ते कळते स्टार्टर मारल्यावर. ते काम पंप उतरवून, पुलीची बाजू खाली करून उभा धरूनच व्हावे.

जोडणी झाल्यावर एअर काढताना हँड प्रायमरने डिझेल परतीच्या नळीतून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत मारा, मग नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा आणि डिझेल दिसताच आवळा. पाइपांचे नट जुन्या फोक्सवागनवर २५ न्यूटन-मीटरला आवळतात, यावरून फार जोर लागत नाही हे ध्यानात येईल. इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपू नका. नोझल शंभर बारच्या वर उघडते आणि त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते; जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखली नाही तरी तो शस्त्रक्रियेचा प्रसंग समजून त्याच तासात रुग्णालय गाठायचे आणि डिझेल टोचले गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे.

तेव्हा आपल्या गाडीपुरता क्रम असा: हीटर प्लग, पारदर्शक नळी, उंच कॅनची परीक्षा, आणि ती पास झाली तर फिल्टरचा प्रायमर व लिव्हरच्या शाफ्टचे सील. उंच कॅनवरही सकाळी उशीर झाला तर कॉम्प्रेशन मोजून घ्या, नोझल दाबावर तपासून घ्या, डायल गेजने टायमिंग पाहा आणि त्यानंतरच पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे टेस्ट बेंचवर मापे जुळवायला, द्या. देताना पंपाच्या पाटीवरचा पूर्ण क्रमांक लिहून ठेवा, कारण बेंचवरची मापे त्या क्रमांकाप्रमाणेच घेतली जातात, आणि परत घेताना चाचणीचा कागद मागा. त्यावर आतला दाब, आयडलला आणि पूर्ण भाराला दर हजार स्ट्रोकला किती घन सेंटिमीटर डिझेल पडले, चारही तोंडांमधला फरक आणि गव्हर्नर कोणत्या वेगाला डिझेल तोडतो, एवढे आकडे असायला हवेत. हे आकडे लिहून द्यायला तयार नसलेल्या ठिकाणी पंप देऊ नका.